दीड वाजताचं आभाळ

एव्हिस टॅम्बलिनला कुणी विचारलं की तू काय काम करतेस, तर ती म्हणायची, "आरसे पुसते." ते खोटं नव्हतं. टीलबर्न गावाच्या वर, मेंढ्यांच्या कुरणापलीकडच्या ठेंगण्या टेकडीवर हवा मोजण्याचं एक केंद्र आहे. त्याच्या छपरावर दोन आरसे आहेत आणि ते दिवसभर सूर्याकडे तोंड करून त्याच्याबरोबर फिरत असतात. त्यांच्यावर धूळ बसते, पक्षी घाण करतात, हिवाळ्यात दव गोठतं. एव्हिस अठ्ठावीस वर्षं ते पुसत होती. आरशांनी खाली पाठवलेला उजेड ज्या यंत्रात जातो ते यंत्रही तीच सांभाळायची, पण ते ती सांगायची नाही.

मी एल्स्पेथ. तिच्या घराच्या खालच्या अंगाला माझं घर आहे आणि आमची ओळख शाळेपासूनची. त्यामुळे ते यंत्र काय करतं हे मला तिनं इतक्या वेळा सांगितलंय की मीही सांगू शकते. सूर्याचा उजेड हवेतून खाली येताना वाटेतले वायू त्यातले आपापले ठरावीक रंग गिळतात. कुठला रंग किती कमी झाला ते पाहिलं की कुठला वायू आपल्या डोक्यावर किती आहे ते कळतं. उपग्रह हेच वरून करतो. जमिनीला लागून परत फिरलेला उजेड तो पाहतो. युरोपचा असा एक उपग्रह रोज दुपारी दीडच्या सुमाराला आमच्यावरून जातो. त्यानं वरून मोजलेलं आणि एव्हिसनं खालून मोजलेलं जुळलं, की तिकडच्या शास्त्रज्ञांना खात्री पटते की आपला उपग्रह नीट बघतोय. अशा जुळवून पाहायच्या जागा दक्षिण गोलार्धात फार थोड्या. त्यातली एक आमची, आणि तिथे एक बाई फडकं घेऊन उभी.

ही गोष्ट सहा वर्षांपूर्वीची. मे महिन्यात, सफरचंदं उतरवून झाली होती तेव्हा, एव्हिस दुपारी माझ्याकडे आली. तिच्या हातात छापून घेतलेले चार कागद होते. तिनं कोट काढला नाही, तशीच टेबलाशी बसली.

"वाच," म्हणाली.

हॉलंडमधल्या उपग्रहवाल्या मंडळींचा अहवाल होता. मी त्यातलं निम्मंच समजू शकले, पण मधला एक परिच्छेद तिनं पेन्सिलीनं चौकटीत घातला होता. गेले तीन हिवाळे टीलबर्नहून येणारे नायट्रोजन डायऑक्साइडचे आकडे उपग्रहाच्या आकड्यांच्या जवळजवळ दुप्पट आहेत. उन्हाळ्यात दोन्ही जुळतात. त्या अर्थी थंडीत तिथल्या यंत्रात काही दोष येत असावा. तपासणी होईपर्यंत टीलबर्नचे हिवाळ्यातले आकडे बाजूला ठेवावेत.

"हा वायू कशाचा गं?" मी विचारलं.

"जळण्याचा. मोटारी, कारखाने, धुरांडी. जिथे काही जळतं तिथून निघतो."

"मग इथे कारखाने कुठेत?"

"तेच तर ते म्हणतात. तीनशे माणसं आणि चाळीस हजार मेंढ्या, एवढा वायू येईल कुठून, म्हणून यंत्र बिघडलेलं." तिनं कागदांची घडी घातली. "बाजूला ठेवावेत म्हणे. उष्टं ताट ठेवतात तसे."

एव्हिस रागावली की आवाज चढवत नाही, सावकाश बोलते. त्या दिवशी ती फारच सावकाश बोलत होती.

पुढचा महिनाभर तिनं त्या यंत्राचा एकेक भाग सोडवला. आरसे काढून धुतले, भिंगं पाहिली, ज्या दिव्यावर यंत्राचा कस लावतात तो दिवा नवा आणला. घड्याळ चुकलं तर सूर्याची उंची चुकते, म्हणून घड्याळं तीन वेगवेगळ्या ठिकाणांशी लावून पाहिली. थंडीनं काही आखडत असेल म्हणून यंत्राच्या खोलीत हीटर ठेवून मोजलं, मग हीटर काढून दारं उघडी टाकून मोजलं. आकडा तोच. दुप्पट.

आमच्या गावात कुणाच्या घरी काय चाललंय ते लपत नाही. लॅकलन हीनन, ज्याला सगळे लॅकी म्हणतात, तो तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. त्याची जमीन टेकडीच्या पायथ्याशी. तो कुंपणाशी ट्रॅक्टर थांबवून तिला म्हणाला, "पोरी, उपग्रह म्हणतोय आपली हवा स्वच्छ आहे. मग तू कशाला भांडतेस? स्वच्छच बरी."

"ती नाहीये, लॅकी."

"असं कोण म्हणतं?"

"माझं यंत्र."

"तुझं यंत्र माझ्या ट्रॅक्टरएवढं म्हातारं आहे. आणि या ट्रॅक्टरचं मी तरी काही ऐकत नाही."

ती हसली, पण मला नंतर म्हणाली, "एल्स्पेथ, त्याचं खरं असलं तर? बिघाड माझ्याच हातून झाला असेल आणि मला दिसत नसेल तर?" इतक्या वर्षांत तिच्या तोंडून असलं काही मी पहिल्यांदाच ऐकलं. मी तिला चहा दिला. दुसरं काय देणार, आकड्यांतलं मला काही कळत नव्हतं.

तिनं हॉलंडला कळवलं की यंत्र तपासलं, दोष नाही, तुम्ही येऊन बघा. एवढ्या दूर कुणी येणार नाही असं आम्हाला वाटलं होतं. पण जुलैच्या पहिल्या आठवड्यात, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, एक माणूस खरंच आला.

त्याचं नाव जोरित होकेमा. चौतीस वर्षांचा, इतका उंच की माझ्या स्वयंपाकघराच्या दारात पहिल्याच दिवशी त्यानं कपाळ आपटून घेतलं. हिवाळ्यात गावातलं हॉटेल बंद असतं म्हणून तो माझ्याकडे उतरला. बरोबर एक पेटी होती, तिच्यात एक छोटं यंत्र. तेही सूर्याकडे बघणारं, पण नवं, आणि निघण्याआधी तिकडे नीट पारखून घेतलेलं. ते एव्हिसच्या यंत्राशेजारी ठेवायचं, दोघांनी एकच सूर्य बघायचा, आणि कोण चुकतंय ते ठरवायचं.

मला भीती होती की एव्हिस त्याला फाडून खाईल. पण तो टेकडीवर गेला, आरशांजवळ बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "इतके स्वच्छ आरसे मी कुठल्याच केंद्रावर पाहिले नाहीत." त्यानंतर तिनं त्याला आपल्या डब्यातली मटणाचा खिमा भरलेली पेस्ट्री दिली. पुढे रोज दोन आणायला लागली.

सूर्य मात्र सहा दिवस दिसला नाही. खोऱ्यात धुकं भरून बसलं. आमच्याकडे असं होतं. थंड हवा खाली साचते, वरची ऊबदार हवा तिच्यावर झाकणासारखी बसते, आणि मग काही हलत नाही. धुकं गोठत गेलं. कुंपणाच्या तारा मनगटाएवढ्या जाड झाल्या, झाडांना पांढरे काटे फुटले, जमिनीवर बोटभर गोठलेलं दव साचलं. बर्फ एकदाही पडला नव्हता, तरी सगळं खोरं पांढरंफेक. जोरित रोज यंत्राचं झाकण उघडायचा, आभाळाकडे बघायचा आणि पुन्हा लावायचा.

"इथे असं किती दिवस चालतं?" त्यानं एव्हिसला विचारलं.

"मोकळं होईपर्यंत," ती म्हणाली.

सातव्या दिवशी पहाटे धुकं उठलं आणि थंडी उणे तेरावर गेली. सकाळी सातला लॅकीनं मला फोन केला. तो धरणाच्या पाण्यावरचा बर्फ भोक पाडून मोजून आला होता. मी तेव्हा कर्लिंगच्या, म्हणजे गोठलेल्या पाण्यावर दगड सरकवायच्या खेळाच्या, क्लबची चिटणीस होते, त्यामुळे पुढचे फोन माझे. बर्फ पुरेसा जाड झाला की सामने दुसऱ्याच दिवशी जाहीर करायचे अशी आमच्याकडची रीत आहे, कारण तो किती दिवस टिकेल कुणी सांगावं. एका वर्षी झाले की पुढची तीन-चार वर्षं नाहीत, असंही होतं. त्यामुळे दुकानं बंद होतात, शाळा सुटते, लोक शंभर-शंभर मैलांवरून दगड गाडीत टाकून येतात.

"मला येता येणार नाही," जोरित म्हणाला. "सहा दिवसांनी ऊन आलंय. मला काम आहे."

"काम यंत्रांना आहे," एव्हिस म्हणाली. "आरसे मी सकाळी पुसून ठेवीन. आपण दोघं तिथे उभं राहून सूर्याला काय मदत करणार?"

"आणि माझ्या संघात एक माणूस कमी आहे," लॅकीनं दारातून सांगितलं. तो कधी येऊन उभा राहिला ते कुणाला कळलंच नव्हतं. "नॉर्मनच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. हा पोरगा उंच आहे. उंच माणसाचा झाडू लांब पोचतो."

अशा रीतीनं जोरित होकेमा टीलबर्नच्या धरणावर झाडू घेऊन उभा राहिला. खेळ साधा आहे. वीस किलोचा गुळगुळीत दगड बर्फावरून सरकवायचा आणि दोघांनी त्याच्या पुढे धावत झाडूनं बर्फ घासायचा, म्हणजे तो लांब जातो. कप्तान पलीकडून ओरडत असतो. लॅकी चाळीस वर्षं कप्तान होता आणि ओरडण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

"घास. घास की. हॉलंडमध्ये केर काढत नाहीत वाटतं."

"काढतो," जोरित धापा टाकत म्हणाला, "पण जमीन पळत नाही तिथली."

तो पहिल्या तासात चारदा पडला. मग त्याचे पाय ठरले. त्याचे आजोबा गोठलेल्या कालव्यांवर स्केटिंग करायचे म्हणे, ते रक्तात कुठेतरी असणार. दुपारपर्यंत लॅकी त्याला नावानं हाक मारायला लागला. ते नाव तो 'योरी' असं काहीतरी उच्चारायचा, पण आमच्याकडे पाहुण्याला एवढाही मान लवकर मिळत नाही.

तो दिवस मला आजही नीट आठवतो. आभाळ असं निळं की त्यात बोट बुडवावंसं वाटावं, ढगाचा एक धागा नाही. ऊन वरून यायचं आणि पांढऱ्या जमिनीवरून पुन्हा वर यायचं. आम्ही सगळे डोळे बारीक करून वावरत होतो. किनाऱ्यावर बायकांनी चीज रोल भाजायला घेतले होते, मोठ्या भांड्यात सूप उकळत होतं. आणि गावावर, केंद्राच्या टेकडीच्याही हातभर वर, धुराचा एक करडा पट्टा आडवा पडलेला होता. प्रत्येक धुरांड्यातून धूर सरळ वर जायचा, त्या अदृश्य झाकणाला लागायचा आणि आडवा पसरायचा. आम्ही जन्मभर ते पाहत आलोय. हिवाळ्यातलं गाव तसंच दिसतं असं आम्हाला वाटायचं.

दीडला दोन मिनिटं असताना जोरितनं झाडू टेकवला आणि वर बघितलं.

"काय झालं?" लॅकीनं विचारलं.

"आत्ता जाईल. उपग्रह. आठशे किलोमीटर वरून."

"आपल्याला बघतोय?"

"एकेका माणसाला नाही. पण हे धरण, हे गाव, धरून चाला."

लॅकीनं खेळ थांबवला. ही गोष्ट त्यानं चाळीस वर्षांत कुणाच्या मयतासाठीही केली नव्हती. सगळ्यांना सांगितलं गेलं आणि दीडशे माणसं बर्फावर उभी राहून, हातातले झाडू वर करून, रिकाम्या निळ्या आभाळाला हलवायला लागली. कुणाला काही दिसलं नाही. मी फोटो काढला. मग लॅकी म्हणाला, "झालं त्याचं बघून? चला आता," आणि खेळ पुढे सुरू झाला. आम्ही एका दगडानं हरलो. लॅकीनं त्याचा दोष उपग्रहावर टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जोरित माझ्या स्वयंपाकघरात संगणक उघडून बसला होता. एव्हिस त्याच्या शेजारी. मी भाजी चिरत होते. पहिली बातमी चांगली होती. त्याच्या पेटीतल्या नव्या यंत्राचा आकडा आणि एव्हिसच्या म्हाताऱ्या यंत्राचा आकडा, दिवसभराचे सगळेच्या सगळे, तंतोतंत जुळले होते.

"तुमच्या यंत्रात काही दोष नाही," तो म्हणाला. "मी आजच तसं लिहून पाठवतो."

एव्हिसनं मान हलवली. तिचे खांदे खाली आले. ते इतके दिवस वर होते हे मला तेव्हाच कळलं.

"आणि उपग्रह काय म्हणतो?" तिनं विचारलं.

ते आकडे नुकतेच आले होते. त्यानं उघडले आणि त्याचा चेहरा उतरला. "निम्मे. नेहमीसारखेच." त्यानं केसांतून हात फिरवला. "दोन यंत्रं एक सांगतात, तिसरं दुसरं. हे कळत नाही मला."

"मोठ्यानं वाच," एव्हिस म्हणाली.

"काय?"

"सगळी ओळ. आम्ही नोंदवही तपासताना एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं ऐकायचं. डोळे सवयीचं सोडून देतात, कान सोडत नाहीत."

त्यानं खांदे उडवले, पण वाचायला लागला. तारीख. वेळ, एक वाजून एकतीस मिनिटं. अक्षांश, रेखांश. सूर्याची उंची. जमिनीची उंची. जमिनीवर बर्फ, नाही. ढग, अर्ध्याहून थोडे कमी. वायूचा—

"थांब," एव्हिस म्हणाली. "ढग कुठले?"

"म्हणजे आभाळाचा किती भाग ढगांनी झाकलाय. इथे लिहिलंय, अर्ध्याहून थोडा कमी."

"कुठे?"

"इथे. टीलबर्नला."

"कधी?"

"काल. दीड—" तो तिथेच थांबला.

माझी सुरीही थांबली होती. एव्हिस त्याच्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "जोरित, सकाळी आरशात नाक पाहिलंस का तुझं?"

त्याचं नाक उन्हानं भाजून टोमॅटोसारखं लाल झालं होतं आणि सालं निघायला लागली होती. त्यानं नाकाला हात लावला. आधी तो हसला, मग हसता हसता थांबला आणि खुर्ची मागे सारून बाहेर बघायला दारात गेला. दाराच्या चौकटीवर त्याचं कपाळ पुन्हा आपटलं, पण त्याला ते लागल्याचंही कळलं नाही.

"पांढरं," तो म्हणाला. "त्याला पांढरं दिसलं."

मग त्यानं ते आम्हाला उलगडून सांगितलं, आणि बोलता बोलता स्वतःलाही. उपग्रहाला वरून चकचकीत पांढरं दिसलं की ते दोनांपैकी एक असतं, बर्फ किंवा ढग. बर्फ कुठे पडलाय याचा नकाशा त्याला वेगळा दिलेला असतो. त्या नकाशात टीलबर्नला बर्फ नव्हता, आणि ते बरोबरच होतं, बर्फ पडलाच नव्हता. पडलं होतं ते गोठलेलं दव, आणि दवाचा नकाशा कुणी करत नाही. मग हिशेब करणाऱ्या प्रोग्रॅमनं ठरवलं की हे पांढरं म्हणजे ढग. ढगाखालचं दिसत नाही, म्हणून तेवढ्या जागेत अंदाजाचा आकडा भरायचा. आणि अंदाज असा की एवढ्याशा गावात धूर असणार कुठला.

"म्हणजे त्यानं बघितलंच नाही," मी म्हणाले. "दिसत असून."

"त्यानं बघितलं," जोरित म्हणाला. "विश्वास आम्ही ठेवला नाही."

एव्हिस उठली आणि कोट चढवला. "चल," म्हणाली, "माझ्याकडे काहीतरी आहे."

टेकडीवरच्या खोलीत तिच्या नोंदवह्या होत्या. पूर्वी केंद्राच्या छापील तक्त्यात आभाळ कसं आहे ते लिहायचा एक रकाना असायचा. पंधरा वर्षांपूर्वी तो कुणीतरी काढून टाकला. उपग्रह असताना माणसानं वर बघायची गरज काय, असं त्यांना वाटलं असावं. एव्हिसनं काही म्हटलं नाही, पण समासात पेन्सिलीनं लिहिणं चालू ठेवलं. रोज, दीड वाजता, दोन-तीन शब्द. 'निरभ्र, जमीन उघडी.' 'धुकं.' 'निरभ्र, दव गोठलेलं, सगळं पांढरं.'

दोन दिवस ते दोघं तीन हिवाळ्यांच्या वह्या घेऊन बसले. ती वाचायची, तो ताडून बघायचा. जमीन उघडी असलेल्या दिवशी उपग्रह आणि यंत्र जुळत होते. ज्या ज्या दिवशी तिनं 'सगळं पांढरं' लिहिलं होतं, त्या त्या दिवशी उपग्रहानं ढग लावले होते आणि आकडा निम्म्यावर आणला होता. एकशे सात दिवसांपैकी एकशे एक दिवस असे. राहिलेल्या सहांसाठी जोरितकडे कारणं होती, ती मला कळली नाहीत.

जाताना तो लॅकीला भेटायला गेला. लॅकीनं त्याला जुना झाडू दिला. विमानतळावर तो आत कसा घेतला असेल देव जाणे.

इथपर्यंत गोष्ट सरळ होती. एव्हिस बरोबर निघाली, आम्हाला आनंद झाला, मी केक केला. पण रविवारी क्लबच्या खोलीत चहाला सगळे जमले आणि तिनं काय झालं ते सांगितलं, तेव्हा लॅकीनं कप खाली ठेवला.

"एक मिनिट," तो म्हणाला. "म्हणजे तू तीन महिने जिवाचं रान केलंस. आणि सिद्ध काय केलंस, तर आपण घाण करतो."



"हो," एव्हिस म्हणाली.

"उपग्रह आपल्याला चांगलं म्हणत होता."

"हो."

"आणि तू त्याला खोटं पाडलंस."

"लॅकी, तो धूर काल उगवला नाही. तो आपल्यावरच बसलेला असतो, आपणच तो नाकात घेतो. आणि पहिला माझा आहे. मी गेली दोन वर्षं विलोच्या झाडाचं ओलं लाकूड जाळतेय, कारण कापून वाळवायचा कंटाळा येतो. टेकडीवर बसून दुसऱ्यांच्या धुराचे आकडे लिहायचे आणि घरी येऊन ओलं लाकूड पेटवायचं. मला काय तोंड आहे?"

लॅकीनं कोट उचलला. तो उठून गेला. त्याच्या घरी जुन्या खाणीतला तपकिरी कोळसा जळायचा, गावातला सगळ्यात काळा धूर त्याचाच, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्याला म्हटलं नव्हतं. मला वाटलं, आता हा वर्षभर बोलणार नाही.

दहा दिवसांनी, सकाळी, एव्हिसच्या अंगणात ट्रॅक्टरचा आवाज आला. मी खिडकीतून पाहिलं तर लॅकी. मागच्या ट्रॉलीत पत्रे, चार खांब आणि फोडलेलं, वाळलेलं लाकूड गच्च भरलेलं. एव्हिस बाहेर आली. मीही गेले.

"हे काय?" तिनं विचारलं.

"लाकूड. तीन वर्षं वाळलंय. मेंढ्यांच्या शेडमागे पडून होतं." तो खांब उतरवायला लागला. "वर पत्रा टाकतो. बाजू उघड्या ठेवायच्या, वारा खेळला पाहिजे. तुझी विलो इकडे रच, पुढच्या वर्षी जाळ, यंदा हे घे."

"आणि तू?"

"मी काय?"

"तू काय जाळणार?"

त्यानं पुढचा खांब खाली ओढला. "हेच," म्हणाला. "अजून दोन ट्रॉल्या आहेत. कोळसा राहू दे त्याच्या जागी. तसंही त्याच्यानं सकाळी खोकला येतो." मग माझ्याकडे वळून, "एल्स्पेथ, नुसती बघत उभी राहू नकोस. ते टोक धर."

त्या दिवशी आम्ही तिघांनी तो आडोसा उभा केला. एक खांब आजही थोडा तिरका आहे, तो मी धरलेला. पुढच्या वर्षी गावात असे अकरा आडोसे झाले. तीन घरांनी शेगड्याच बदलल्या. धूर गेला असं मी म्हणणार नाही. हिवाळ्यात तो पट्टा अजून दिसतो, पण त्यातून पलीकडची टेकडी दिसते. एव्हिसचं यंत्र सांगतं की तो साधारण एक चतुर्थांशानं कमी झालाय. लॅकी म्हणतो, एक तृतीयांश. त्याच्याकडे यंत्र नाही, पण खोकला कमी झालाय, आणि तो त्यावरून मोजतो.

नोव्हेंबरमध्ये हॉलंडहून नवा अहवाल आला. टीलबर्नचे हिवाळ्यातले आकडे पुन्हा घेतले होते. 'बाजूला ठेवावेत' हे वाक्य काढलं होतं. प्रोग्रॅममध्ये बदल केला होता: बर्फाच्या नकाशात काही नसलं तरी जमीन पांढरी असू शकते हे त्याला आता शिकवलं होतं, आणि जुने सगळे हिवाळे पुन्हा मोजायला घेतले होते, नुसते आमचे नव्हेत, जगभरच्या थंड खोऱ्यांचे. खाली लेखकांच्या नावांत जोरितनंतर दुसरं नाव ए. टॅम्बलिन असं होतं. तिनं ते पाहिलं आणि म्हणाली, "बरं झालं." मग थोड्या वेळानं, "आडनाव नीट लिहिलंय, हे विशेष." त्या दिवशी ती माझ्याकडे जेवायला थांबली आणि दोनदा पुडिंग घेतलं.

तो अहवाल कुठे कुठे वाचला गेला ते आम्हाला कळायला वेळ लागला. जानेवारीच्या शेवटी एक पत्र आलं, उत्तर जपानमधल्या एका डोंगरी केंद्रावरून. लिहिणाऱ्या बाईंचं नाव सात्सुए कावाबे. त्याही तेवीस वर्षं एकट्यानं यंत्र सांभाळत होत्या, त्यांचेही हिवाळे असेच बाजूला पडले होते, आणि यंत्रात दोष सापडेना म्हणून त्यांनी तो आपल्यात शोधायला सुरुवात केली होती. नव्या हिशेबानं त्यांचे आकडे जुळले होते. बाकी पत्रात फारसं काही नव्हतं. त्यांनी शेवटी विचारलं होतं की तुमच्याकडे दव कुठल्या दिशेनं वाढतं, कारण आमच्याकडे ते वाऱ्याच्या तोंडाला वाढतं.

एव्हिसनं ते पत्र माझ्या अंगणात वाचून दाखवलं. बाहेर तीस अंश होते, आम्ही दोघी जर्दाळू चिरून बिया काढत होतो, आणि तिच्या कोपरापर्यंत रस ओघळला होता. सात्सुएबाईंकडे त्या वेळी दव गोठून सगळं पांढरं होतं.

"काय लिहू गं हिला?" तिनं विचारलं.

"दवाचं विचारलंय, दवाचं लिही."

तिनं हात धुतले, आतून कागद आणला आणि झाडाखाली बसून लिहायला लागली. मला वाटलं चार ओळी लिहील. मी राहिलेले जर्दाळू चिरले, साखर घालून शेगडीवर चढवले, मुरंबा ढवळला, बरण्या भरल्या, आणि बाहेर येऊन पाहिलं तर ती तिसऱ्या पानावर होती, आणि कुंपणाच्या तारेवर दव कसं साचतं त्याचं चित्र काढत होती.